दहाव्या दिवसापर्यंतची दाढी

मोठ्या भावाकडे अमेरिकेत तीन महिने राहायला म्हणून गेलो आणि सतराव्या दिवशी तो वारला. १९८५ सालचा एप्रिल होता. सांगलीला परत आल्यावर वाचनालयातले मित्र म्हणत राहिले, काय काय पाहिलंत ते लिहा. मी धबधबा पाहिला नाही, कुठल्या उंच इमारतीच्या गच्चीवर गेलो नाही. दादा म्हणाला होता, थंडी जरा ओसरू दे, मग हिंडू. जे पाहिलं ते पुतण्याच्या गाडीतून आणि त्याच्या संघाच्या बसमधून पाहिलं, आणि तेही सुतकात. म्हणून दिवस तारखांनी न मोजता तसेच मोजले आहेत.

तिसरा दिवस, पिस्कॅटवे

दादा गुरुवारी सकाळी न्यू जर्सीतल्या आपल्या घरी, न्याहारीच्या टेबलावर गेला. शनिवारी दहन झालं. ती इमारत बाहेरून एखाद्या बँकेसारखी दिसत होती. आत पायाखाली गालिचा, भिंतीवर डोंगराचं चित्र, आणि काळ्या सुटातला एक गोरा गृहस्थ दार उघडून धरायला उभा. कुणाचाच आवाज चढत नव्हता. आमच्याकडे घाटावर लाकडं रचताना चार जण चार सूचना देतात, कुणीतरी रॉकेल विसरतं, त्या गडबडीत दुःखाला थोडी वाट मिळते. इथे एक बटण होतं. ते विनयने दाबलं.

विनय दादाचा एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा, बर्फावरच्या हॉकीचा पगारी खेळाडू. आमच्या नात्यात हे कुणाला नीट उमगलेलं नाही. सांगलीत अजून विचारतात, तो ऑलिंपिकला होता का. हा खेळ निराळा. गोठवलेल्या मैदानावर, पात्यांचे बूट घालून, रबराच्या चकतीने खेळतात. वरच्या मोठ्या लीगमधल्या खेळाडूंची नावं वर्तमानपत्रांत येतात. तिच्या खाली लहान लहान गावांचे संघ असतात, आणि वरून बोलावणं येईल म्हणून शेकडो जण तिथे वाट पाहत खेळत असतात. विनय सात वर्षं वाट पाहत होता.

तो शुक्रवारी दुपारी पोचला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दाढी होती. चांगली दाट, काळी. अडीच आठवड्यांपूर्वी मला विमानतळावर घ्यायला आला होता तेव्हा तो गुळगुळीत होता. घरी जमलेल्या मंडळींत ती दाढी लगेच सगळ्यांच्या नजरेत भरली. इथल्या मुलांबद्दल आईबापांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतात, देवघरात बूट घालून येतात. आणि हा, ज्याला कुणी दोन श्लोक शिकवले नव्हते, बापाच्या सुतकात दाढी राखून आला होता. लिमये गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले की इथे वाढलेल्या पोरात हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. गुरुजी एका टेलिफोन कंपनीत इंजिनिअर आहेत, पौरोहित्य शनिवार-रविवारी करतात. दहावा शनिवारीच येतोय याचंही त्यांना समाधान होतं. एरवी बुधवारचा दहावा इथे शनिवारपर्यंत ढकलावा लागतो.

सुमनवहिनी दोन दिवस जवळजवळ बोलल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "भावजी, बघितलंत? कुणी सांगितलं नव्हतं त्याला. आपणहून ठेवली."

मी हो म्हणालो. चाळीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी ठेवलेला माणूस मी. दीड दिवसात एवढी दाढी वाढत नाही, हे मला तरी सुचायला हवं होतं. ते सुचलं नाही. आम्हां सगळ्यांनाच ती हवी होती.

विनयला रविवारी परत जाणं भाग होतं. त्यांच्या लीगची उपांत्य फेरी चालू होती. सातपैकी चार सामने जो जिंकेल तो अंतिम फेरीत. दोन-दोन अशी बरोबरी होती. दुसरा पराभव शुक्रवारचा, विनय नसतानाचा. मंगळवारी, गुरुवारी आणि लागलाच तर शनिवारी संध्याकाळी असे सामने उरले होते. वहिनींनी माझी बॅग स्वतः भरली. म्हणाल्या, तुम्ही जा त्याच्याबरोबर, तो एकटा नको. मग दाराशी हळूच म्हणाल्या की शनिवारी सकाळी आठला त्याला इथे आणायचं, क्षौर करून बापाला पिंड त्याच्या हातून पडला पाहिजे, बाकी मला काही नको.

हे एवढं काम घेऊन मी निघालो.

चौथा दिवस, रस्ता

न्यू जर्सीत झाडांना पालवीची लाली होती. दोन तासांनी डोंगर लागले आणि वसंत मागे राहिला. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेला रस्त्याकडेला काळपट बर्फाचे ढीग होते. पुढे खरोखरच काळे डोंगर दिसले, ते कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या मातीचे. त्यांच्यावर बर्चची बारीक पांढरी झाडं उगवली आहेत.

विनय कमी बोलतो. त्याचं मराठी आठव्या वर्षी थांबलं आहे, त्यामुळे तो सगळ्यांनाच 'तू' म्हणतो, मलाही. लहान मुलाच्या तोंडची भाषा एवढ्या दांडग्या माणसाकडून ऐकताना पहिल्यांदा हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. त्याने मला त्याची गावं सांगितली. सात वर्षांत नऊ. गावाचं नाव, तिथल्या खोलीतली एखादी गोष्ट, आणि तिथून का निघालो. एका गावात पाण्याला गंजाचा वास होता. एका गावात घरमालकीण दर सामन्याआधी त्याच्यासाठी बटाटे उकडायची. एकदा सामन्याच्या दिवशीच दुपारी त्याला सांगण्यात आलं की त्याची अदलाबदल झाली, आणि तीही समोरच्याच संघाशी. त्याने आपली पिशवी उचलली, बोळातून चालत पलीकडच्या खोलीत गेला आणि त्याच संध्याकाळी सकाळच्या मित्रांविरुद्ध खेळला. मी विचारलं, कसं वाटलं. तो म्हणाला, "पिशवी जड होती."

वरच्या लीगमध्ये तो चार सामने खेळला होता. तीन वर्षांपूर्वी, कुणाचातरी खांदा निखळला म्हणून. पाचव्या सामन्याच्या दिवशी खांदा बरा झाला.

दादा कधी या खेळाबद्दल बोलत नसे, असा माझा समज होता. विनय म्हणाला, बाबा दर रविवारी फोन करायचे आणि एकच विचारायचे, बर्फ कसा होता. दादाची सगळी नोकरी शीतगृहांची यंत्रं बनवण्यात गेली. जिंकलास की हरलास हे त्याने कधी विचारलं नाही. बर्फ मऊ होता म्हटलं की तो यंत्रात काय बिघडलं असेल ते वीस मिनिटं समजावून सांगायचा. मिनेसोटात, विनय पाच वर्षांचा असताना, त्याला गोठलेल्या तळ्यावर पहिल्यांदा त्यानेच उभं केलं. स्वतः काठावर उभा राहिला होता. तो शेवटपर्यंत बर्फावर घसरायला भ्यायचा.

गाडी उतारावर असताना विनय म्हणाला की हा त्याचा शेवटचा मोसम. गुडघा संपला आहे आणि उन्हाळ्यात करारही संपतो. पुन्हा कुणी विचारणार नाही आणि विचारलं तरी तो जाणार नाही. सात वर्षांत तो एकदाही अंतिम फेरीत पोचला नव्हता. "एकदा पोचायचंय, काका. जिंकलो नाही तरी चालेल."

पाचवा आणि सहावा दिवस, कोळशाचं गाव

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या कोचवर माझा राग नाही, आणि वाचणाऱ्याचाही होऊ नये.

सोमवारी विनय मला क्रीडागृहात घेऊन गेला. बाहेर थोडं ऊन होतं. आत दार ढकललं की पुन्हा जानेवारी. मी दादाचा ओव्हरकोट घातला होता. कपडे बदलायच्या खोलीत ओलं कातडं, घाम आणि मलम यांचा एकत्र वास होता. प्रत्येकाच्या खणावर त्याच्या नावाची पाटी, आणि चारपाच जणांच्या खणांवर पांढऱ्या चिकटपट्टीवर शाईने लिहिलेलं नाव. विनयचं नाव चिकटपट्टीवर होतं. पाटी करायला आठवडा लागतो, तो म्हणाला, आणि आठवड्याचा भरवसा नसतो. तो तिथे जानेवारीपासून होता.

मग मी माणसांकडे पाहिलं. वीस-बावीस जण बाकांवर बसून बुटांच्या नाड्या आवळत होते आणि एकूण एक जणाला दाढी होती. लाल, पिवळी, तपकिरी, एका पोराची तर नुसती हनुवटीवरची चार केसांची. क्षणभर माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, यांच्याही घरी.

विनयचा खोलीसोबती रॉजर, लालबुंद दाढीचा गोलरक्षक, हात पुसून उठला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून दादाबद्दल वाईट वाटल्याचं म्हणाला. मी त्याला विचारलं की ह्या दाढ्या कसल्या. त्याने आनंदाने सांगितलं. बाद फेरी सुरू झाली की दाढी करायची नाही. हरून बाहेर पडेपर्यंत किंवा करंडक जिंकेपर्यंत. मोठ्या लीगमधल्या एका संघाने सुरू केलं आणि आता सगळेच करतात. मध्ये कुणी वस्तरा लावला तर पुढच्या पराभवाचा धनी तो.

"जोगीची सगळ्यांत झकास आहे," तो म्हणाला. जोगळेकर हे आमचं आडनाव त्यांच्या जिभेवर तेवढंच उरलं होतं.

विनयने हे ऐकलं. बुटाची नाडी बांधता बांधता तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बांधायला लागला.

दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात मी त्याला विचारलं. माझा आवाज थोडा शिक्षकासारखा झाला असावा. तो सिंकपाशी उभा होता. म्हणाला, "मी काय सांगणार होतो? आई त्या दिवशी पहिल्यांदा जेवली."

मी वहिनींना फोन करून सांगावं का, यावर बराच वेळ विचार केला. फोन केला नाही. तेव्हापासून ती खोटी गोष्ट आम्हां दोघांची झाली. पण एक अडचण आता मला स्पष्ट दिसायला लागली होती. शनिवारी दहावा. गुरुवारपर्यंत निकाल लागला नाही तर शनिवारीच सातवा सामना, आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे ती दाढी तोपर्यंत हलता कामा नये. आमच्या रिवाजाप्रमाणे ती सकाळी आठला उतरली पाहिजे. मी विनयला विचारलं नाही की तू काय करणार. त्यानेही सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी साडेदहाला ते बर्फावर उतरले. संध्याकाळी सामना, मग सकाळी हे काय, असं मी साहित्य सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला, आर्टला, विचारलं. तो पाती घासत बसला होता. ठिणग्या त्याच्या मनगटावर उडत होत्या. सकाळचं स्केट, तो म्हणाला, पाय जागे करायला. मी कठड्याशी उभा राहून पाहिलं. वीस मिनिटं सगळे सावकाश गोल फिरले, थोड्या चकत्या इकडून तिकडे ढकलल्या, एकमेकांची टोपणनावं घेऊन खिदळले. कोच हाताची घडी घालून मध्ये उभा होता. मला ते सकाळी घाटावर फिरायला येणाऱ्या पेन्शनरांसारखं वाटलं. मला ते तेवढंच समजलं.

एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. विनय बर्फावर आला तेव्हा जवळून जाणाऱ्या प्रत्येकाने आपली काठी त्याच्या नडग्यांवरच्या पट्ट्यांना हलकेच लावली. टप, टप, टप. कुणी काही बोललं नाही. आर्टने सांगितलं, ते त्याच्या वडिलांसाठी. आमच्याकडे समाचाराला आलेली माणसं अर्धा तास गप्प बसतात आणि उठून जातात. हे त्याहून आटोपशीर होतं, पण जात एकच.

संध्याकाळी ते जिंकले. विनयचं काम काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. समोरच्याने चकती जोरात मारली की तिच्या वाटेत आडवं पडायचं. गोल करणारे दुसरे. हा पडतो, उठतो, मिनिटभरात कठड्यावरून बाकावर जातो, दुसरा उतरतो. घरी आल्यावर बरगडीखाली बशीएवढा जांभळा डाग. मी हळद शोधली. घरात फक्त मिरपूड होती.

सातवा दिवस, बस

बुधवारी उत्तरेकडे, कॅनडाच्या सीमेजवळच्या गावी जायला बस निघाली. सहा तास. सगळे कोट-टाय घालून. क्लबचा तसा नियम आहे. दाढीवाले वीस पुरुष कोट-टायमध्ये, हातात चड्ड्यांच्या पिशव्या. आम्ही एखाद्या विचित्र वऱ्हाडासारखे दिसत असणार. मला पुढची खिडकी दिली, कोचच्या मागची. कोच पन्नाशीचा, नाक दोनदा मोडलेला. त्याने मला इतकंच विचारलं की मी कामाला कुठे होतो. ग्रंथालयात म्हटल्यावर मान हलवली आणि वाटभर एक जाडजूड कादंबरी वाचत राहिला. तीन वेळा पान उलटताना त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्याचं वाचन तपासतो आहे.

शेतं ओली, तपकिरी, रिकामी. कोठारांचे लाल रंग उडालेले. एका तळ्यावर अजून बर्फ होता, पण काठापासून सुटलेला. माझं जेवण ही बसमधली करमणूक झाली. महामार्गावरच्या खाणावळीत मी मांस नको, अंडं नको म्हटल्यावर वाढणाऱ्या बाईने विचारलं, "हनी, मग उरलं काय?" उरलं ते भाजलेला बटाटा आणि कोबी. रॉजरने आपला बटाटाही माझ्या ताटात ठेवला. मग पूर्ण बसने ठरवलं की मी बटाट्यांवर जगतो. परतीच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी माझ्यापुढे न मागता बटाटे येत गेले.

दुपारी रॉजर माझ्या शेजारी येऊन बसला. दीड तास बसला. दोन-तीन वाक्यं बोलला असेल. त्यातलं एक असं, की संघातल्या पोरांना जोगीने अंतिम फेरी बघावी असं फार वाटतं. बाकीच्यांना पुढची वर्षं आहेत.

आठवा दिवस, सीमेजवळ

ते हरले. तीन-तीन झाले. शेवटच्या पाच मिनिटांत मी चष्मा पुसत होतो. आतल्या गारव्यात काचा सारख्या धुरकट होत. पुसून घातला तेव्हा विनय बर्फावरून उठत होता, एका गुडघ्यावर, मग दुसऱ्या. त्याने चकती अडवली होती, इतकं शेजारचा म्हणाला.

रात्रीच बस परत निघाली.

नववा दिवस, पुन्हा कोळशाचं गाव

शुक्रवारी सकाळी उठल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे एका कागदावर वेळापत्रक मांडलं. संध्याकाळी पाचला निघायचं, आठला पिस्कॅटवे, रात्री घरी. शनिवारी आठला क्षौर, नऊला नदीकाठी पिंडदान, साडेदहाला संपतं असं गुरुजींनी फोनवर सांगितलं. अकराला निघायचं, दोनला परत. सामना साडेसातला. मधे साडेपाच तास मोकळे. दोन्ही गोष्टी बसत होत्या. राहता राहिली दाढी. ती अडचण वेळेची नव्हती, म्हणून कागदावर आली नाही.

मी कागद विनयपुढे ठेवला. त्याने तो लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त वेळ पाहिला. "लुक्स गुड, काका," तो म्हणाला.

"आणि दाढी?"

तो जाकिटात हात घालत होता. सावकाश, शब्द शोधत, मराठीत म्हणाला, "आईला वाटलं ती बाबांसाठी आहे. मग होऊ दे बाबांसाठी."

मला एवढा हलकेपणा वाटला की मी पुढे काही विचारलं नाही.

दुपारी तो कोचला सांगायला गेला. मी बोळात, थंड पेयांच्या यंत्रापाशी उभा. दार काचेचं होतं. कोच बसलेला, विनय उभा. पाच मिनिटं. एकदा कोच उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. मग दोघांनी हात मिळवले.

"काय म्हणाले?"

"ओके म्हणाला."

तो खोटं बोलला नाही, हे मी इथे नोंदवतो. कोच ओके म्हणालाच होता.

दहावा दिवस

पिस्कॅटवेत रात्रीतून पाऊस पडून गेला होता. लिमये गुरुजींच्या गॅरेजमध्ये गाडी बाहेर काढून दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, खाली रविवारच्या जाडजूड वर्तमानपत्राची पानं. इथे या कामाला न्हावी येत नाही. गुरुजींकडे विजेवर चालणारं यंत्र आहे. पहिल्या वर्षी स्वस्तातलं घेतलं होतं, ते एका गृहस्थाच्या अर्ध्या डोक्यावर बंद पडलं, तेव्हापासून चांगलं ठेवतात. हे त्यांनी आम्हांला हसवायला सांगितलं आणि वहिनी खरंच थोड्या हसल्या.

आधी मी बसलो, धाकटा भाऊ म्हणून. मग विनय. डोक्यावरचे केस लवकर उतरले. दाढीला वेळ लागला. यंत्र अडकायचं, गुरुजी साफ करायचे, पुन्हा लावायचे. तो डोळे मिटून बसला होता. हनुवटीवर एक जुना वण निघाला, टाक्यांचा. तो मी कधी पाहिलाच नव्हता. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन त्याच्या मानेवरचे केस पदराने झटकले, जसे शाळेत पाठवताना झटकतात.

रॅरिटन नदीच्या काठी उद्यानात आम्ही बसलो. पाणी गढूळ, फुगलेलं. धावायला आलेली एक बाई थबकली, काय चाललंय ते तिला समजलं नसावं, पण तिने टोपी काढली. विनयला मंत्र म्हणता येत नव्हते. गुरुजी तुकडे करून सांगत आणि तो ते अडखळत म्हणत होता. पिंड मात्र त्याच्या हातून नीट पडले. त्याचे हात जाड, बोटांची पेरं वाकडी झालेली, आणि त्या हातांनी भाताचा गोळा असा धरला होता की तो फुटू नये. वहिनींनी मला मान हलवून खूण केली. झालं, अशी.

सगळं साडेदहालाच उरकलं. मी घड्याळ पाहिलं आणि मला माझ्या वेळापत्रकाचा अभिमान वाटला. ते विसरावं असं आता वाटतं.

दोनला आम्ही परत पोचलो. वाटेत तो दोनदा हनुवटी चोळत हसला, वारा लागतो म्हणाला. मी विचारलं, मित्र रागावतील का. तो म्हणाला, डोक्यावर हेल्मेट असतं, हनुवटीचं काय करणार, बोलू देत. साडेपाचला आम्ही क्रीडागृहात गेलो. तो खेळाडूंच्या दाराने आत गेला. मी जिन्याने वर, माझ्या जागेवर. शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतं.

क्रीडागृह भरलं होतं. गावातल्या पुरुषांनीही दाढ्या राखल्या होत्या, आणि मी गोटा केलेला म्हातारा, ओव्हरकोटात, त्यांच्यात बसलेलो. साडेसातला दिवे मंद झाले आणि संघ एकेक करून बर्फावर आला. मी आकडे पाहू लागलो. रॉजर आला. बाकीचे आले. विनयचा सतरा नंबर आला नाही. मला वाटलं, माझा चष्मा. पुसून पुन्हा मोजले.

तेवढ्यात शेजारची खुर्ची उघडल्याचा आवाज झाला. विनय. कोट-टाय घातलेला, गुळगुळीत, डोक्यावर बारीक ओरखडा. हातात दोन कागदी पेल्यांत चहा. एक मला दिला.

"तू इथे?"

"मॉर्निंग स्केटला नव्हतो ना," तो म्हणाला. "जो सकाळी नाही तो रात्री नाही. रूल आहे, सगळ्यांना."

मला मंगळवारची सकाळ आठवली, ती वीस मिनिटांची चक्कर, साडेदहाची. साडेदहाला आम्ही नदीवर होतो. खाली खेळ सुरू झाला होता आणि सगळे ओरडत होते.

"कोचने सांगितलं होतं?"

"काल. म्हणाला, जा, जायलाच पाहिजे. पण मग उद्या तू खेळणार नाहीस. कॅनडाहून एकाला बोलावलंय. तो चांगला आहे, बघ, तो, बावीस." त्याने बोट दाखवलं. बावीस नंबरचा पोरगा विशीतला होता, पिवळसर दाढीचा. विनय त्याच्याकडे लक्ष देऊन पाहत होता.

"आणि जिंकलात तर? अंतिम फेरीत?"

त्याने खांदे उडवले. जिंकणाऱ्या संघातला माणूस कुणी बदलत नाही, हे मला त्याने नंतर सांगितलं. ते जिंकले. जादा वेळेत, एका गोलने. लोक खुर्च्यांवर चढले. विनय उभा राहिला आणि टाळ्या वाजवत राहिला, सगळ्यांचा आवाज बसला तरी थोडा वेळ. अंतिम फेरीत बावीस नंबर खेळला. ते मी सांगलीला परतल्यावर पत्रातून वाचलं. म्हणजे विनयचा शेवटचा सामना गुरुवारी झाला होता, आणि ते त्या वेळी त्याला माहीत नव्हतं, मला नव्हतं, कुणालाच नव्हतं.

पण हे नंतरचं. पहिल्या मध्यंतरात मी त्याला विचारलं, चहा हातातच गार झाला होता, "मला का नाही सांगितलंस? त्या कागदावर बोट ठेवून नुसतं सांगायचंस."

तो खाली पाहत होता. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी सावकाश फिरत होती.

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, नको येऊ."

"म्हणालो असतो," मी म्हणालो.

तेव्हा मी ते लगेच म्हणालो. आता इथे बसून लिहिताना तेवढी खात्री वाटत नाही. वहिनींनी मला त्याला आणायला पाठवलं होतं, आणि शुक्रवारी मला तो यायलाच हवा होता.